एक पार्ट बदलला की गाडीत काय काय हलतं

गेल्या श्रावणात ठोसेघरच्या रस्त्याला चहाला थांबलो. गाडी साइड स्टँडवर लावली, हेल्मेट डाव्या आरशाला अडकवलं आणि चार पावलं गेलो तोच मागे धाडकन आवाज झाला. गाडी डाव्या कुशीवर. वारा नव्हता, जमीन पक्की होती, कुणाचा धक्काही लागला नव्हता. आठच दिवसांपूर्वी मी मागे कंपनीच्यापेक्षा लांब शॉकअप बसवून घेतला होता. गाडीची पाठ वर उचलली गेली, स्टँड मात्र जुन्याच लांबीचा राहिला. त्यामुळे स्टँडवर लावली की ती आधीपेक्षा जास्त डावीकडे कलायची. हेल्मेटचं वजन तेवढं निमित्त झालं.

क्लचचा लिव्हर मोडला होता. उरलेल्या बोटभर लिव्हरवर गाडी घरी आणली आणि तेव्हा कुठे आठवडाभरातल्या बाकीच्या तक्रारींचा धागा लागला. रात्री हेडलाइटचा झोत पार पुढच्या चाकाजवळ पडायचा, कारण मागचा भाग वर जाऊन नाक खाली झालं होतं. हायवेला वेग वाढला की हँडल हलकं, चंचल वाटायचं, कारण पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, आधीपेक्षा उभे झाले होते. चेनचा ताण बिघडला होता, कारण मागचा स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणारा दांडा, आधीपेक्षा खाली लोंबत होता. मी मिस्त्रींना चार वेगवेगळे प्रश्न विचारले होते आणि चारही प्रश्नांचं मूळ त्या एका शॉकअपमध्ये होतं.

हे सगळं परवा पुन्हा आठवलं, कारण जतहून भाच्याचा मेसेज आला. त्यानं जुनी २०० सीसीची ड्युएल-स्पोर्ट घेतली आहे आणि बसवायच्या अकरा वस्तूंची यादी मला पाठवली. खाली एकच ओळ होती, "मामा, यातलं आधी काय घेऊ?" फोनवर त्याला तुटक तुटक सांगितलं. इथं जरा नीट मांडतो.

ड्युएल-स्पोर्ट म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालावी म्हणून बनवलेली गाडी. आपल्याकडे छोट्या गाड्यांमध्ये २०११ साली हीरोची १५० सीसीची इम्पल्स आली आणि २०१९ मध्ये एक्सपल्स २००. एक्सपल्सचे आकडे बघितले की या जातीच्या गाडीची ठेवण कळते. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर हलतं, मागचं १७० मिलिमीटर आणि इंजिनाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. कंपनीला ही गाडी एका ठराविक माणसासाठी बनवता येत नाही. पन्नास किलोची मुलगी आणि डबलसीट दीडशे किलो दोघांना चालेल, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये आणि पाणंदीतही चालेल, असा मधला मार्ग ती काढते. आफ्टरमार्केट पार्ट, म्हणजे गाडीच्या कंपनीनं नव्हे तर दुसऱ्या कुणी बनवलेला पार्ट, तो मधला मार्ग तुमच्या बाजूला सरकवण्यासाठी असतो. एका बाजूला सरकवला की दुसरीकडचं काहीतरी सुटतं. हीरोनं एक्सपल्ससाठी रॅली किट काढलं तेव्हा त्यात लांब सस्पेन्शनच्या जोडीला लांब साइड स्टँडही दिला होता. ठोसेघरला मी जे जमिनीवर शिकलो ते त्यांनी आधीच हिशोबात धरलं होतं.

म्हणून भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो पार्टचा नव्हता. "तू गाडी चालवतोस कुठं?"

माझी नोकरी साताऱ्यात आणि शेत वाळवा तालुक्यात, त्यामुळे एकाच गाडीला दोन जिल्ह्यांची जमीन लागते आणि त्यांच्यात फार फरक आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला, यवतेश्वर चढून कास, बामणोलीकडे किंवा इकडे चाळकेवाडीकडे गेलं की जांभा दगड, लाल माती आणि पावसाळ्यात चार महिने शेवाळ. तिथली अडचण घसरण्याची आणि धुक्याची. वाळव्याला कृष्णाकाठची काळी माती. पावसानंतर ती टायरला चिकटते, टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि अर्ध्या किलोमीटरात पुढचं चाक फिरायचं थांबतं. मी स्वतः उसाच्या कांड्यानं ती माती उकरून काढली आहे. आणि जतला पाऊस कमी, मुरूम, धूळ आणि वेड्या बाभळीचे काटे. तिथली अडचण पंक्चर आणि एअर फिल्टर. आता या तिघांना यादी एकच कशी चालेल? काळ्या मातीत चालवणाऱ्याला मडगार्ड थोडं वर उचलणारे दहा-वीस मिलिमीटरचे स्पेसर महागड्या सायलेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडतील. भाच्याला त्यांची गरज नाही.

टायर

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर टायरवर घाला. जमिनीला गाडीचं बाकी काहीच टेकत नाही.

टायरच्या गोट्या, म्हणजे त्यावरचे रबरी उंचवटे, जितक्या मोठ्या आणि लांब लांब, तितका तो मातीत रुततो आणि चिखल झटकतो. पण डांबरावर त्याच गोट्या वाकतात आणि रस्त्याला टेकणारं रबर कमी होतं. पावसात ओल्या डांबरावर, विशेषतः घाटाच्या वळणावर, पक्का ऑफ-रोड टायर कंपनीच्या टायरपेक्षा कमी धरतो. शिवाय तो लवकर झिजतो आणि हायवेला गुणगुणतो. ज्याचं ऐंशी टक्के चालवणं डांबरावर आहे त्यानं अर्धा रस्ता अर्धी माती अशा जातीचा टायर घ्यावा. मी तोच वापरतो आणि पाच पावसाळे समाधानी आहे.

मापाला हात लावू नका. ९०/९०-२१ याचा अर्थ टायर ९० मिलिमीटर रुंद, त्याची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम २१ इंचाची. मागे जाड टायर घातला की गाडी भारदस्त दिसते म्हणून बरेच जण एक माप वर जातात. रिम तेवढीच राहिल्यामुळे टायर कडेनं आवळला जातो, त्याचा गोलवा बदलतो, गाडी वळणात झुकायला आळस करते आणि कधी कधी चेनला घासतो.

या गाड्यांना तारांची चाकं असतात आणि बहुतेकींत ट्यूब. कच्च्या वाटेला हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. पण हवा फार उतरवली तर दगडावर आपटताना ट्यूब रिम आणि दगड यांच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. दुसरा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. हवा कमी असताना जोरात ब्रेक मारला किंवा पिकअप घेतला की टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढत नेतो. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. म्हणून कच्च्यावरून आल्यावर व्हॉल्व्हकडे बघायची सवय लावा. तो सरळ चाकाच्या मध्याकडे रोखलेला हवा. तिरका दिसला तर ट्यूब सरकली आहे. हवा सोडून, टायर सैल करून ती जागेवर आणा, नाहीतर व्हॉल्व्ह मुळातून फाटेल आणि तिथं पंक्चरचा तुकडा चिकटत नाही. मी सिंगल सीटला कच्च्यावर साधारण वीस पीएसआयच्या खाली जात नाही आणि डांबराला लागायच्या आधी गाडीवरच्या स्टिकरात लिहिलेली हवा पुन्हा भरतो. त्यासाठी छोटा पंप डिकीत असतोच.

भाच्याला टायरच्या आधी जाड ट्यूब घ्यायला सांगितलं. बाभळीचा मोठा काटा तिलाही भोक पाडतो, पण पंक्चरं निश्चित कमी होतात. तिचं वजन जास्त असतं, तेवढं चाक उसळताना जाणवेल.

गाडी किती दबते ते मोजा

आता सस्पेन्शन. इथं लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात आणि इथंच फुकटात सर्वांत जास्त फरक पडतो, म्हणून जरा सावकाश.

सस्पेन्शनमध्ये दोन वेगळी माणसं काम करतात असं समजा. स्प्रिंग वजन उचलते. तेल त्या स्प्रिंगला आवरतं. नुसती स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढचं शंभर मीटर उड्या मारत गेली असती. शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून इकडून तिकडं जातं. रंगपंचमीची पिचकारी आठवा. दट्ट्या हळू दाबला तर सहज जातो, जोरात दाबला तर हाताला अडवतो. तेलाचं काम तसंच आहे, याला डॅम्पिंग म्हणतात.

बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला एक-एक घर, म्हणजे एक-एक खाच, आवळायची सोय असते. गॅरेजात म्हणतात, "स्प्रिंग हार्ड करून दिली." ती हार्ड होत नाही. जुन्या किराणा दुकानातला स्प्रिंगचा काटा घ्या. त्यात असा अडसर बसवला की पाच किलो होईपर्यंत काटा हलणारच नाही. पाच किलोनंतर मात्र तो दर किलोमागे आधी हलायचा तेवढाच हलणार. स्प्रिंग तीच आहे, ती हलायला कुठून सुरुवात करते एवढंच बदललं. शॉकअप आवळणं म्हणजे हेच. त्यानं तुम्ही बसल्यावर गाडी किती उंचीवर उभी राहील ते ठरतं.

ते किती असावं? तुम्ही नेहमीच्या सामानासह बसल्यावर मागचं सस्पेन्शन त्याच्या एकूण हालचालीच्या साधारण तीस टक्के दबलेलं असावं. १७० मिलिमीटर हालचाल असेल तर पन्नास-पंचावन्न मिलिमीटर. याला सॅग म्हणतात. खड्ड्यात चाक वर यायला जागा लागते तशी चाक खाली सोडायलाही लागते, ती जागा हा सॅग देतो.

मोजायला एक टेप आणि दोन माणसं पुरतात. मागचं चाक अधांतरी होईल अशी गाडी उचला. चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या पॅनलवर पेन्सिलीनं एक खूण करा आणि अंतर लिहून ठेवा. समजा ६०० मिलिमीटर आलं. मग गाडी खाली घ्या, दोन्ही चाकांवर सरळ धरा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. गाडी स्वतःच्या वजनानं जेवढी दबते ते कळेल. शेवटी हेल्मेट, बूट, सॅक घालून तुम्ही बसा, जोडीदाराला मोजू द्या. समजा ५३० आलं. म्हणजे ७० मिलिमीटर दबली, हे जास्त आहे. एक-एक घर आवळत ५४८ च्या आसपास आणा.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. तुम्ही बसल्यावरचा आकडा बरोबर आला की तुम्ही उतरा आणि नुसत्या गाडीचा आकडा पुन्हा बघा. गाडी स्वतःच्या वजनानं थोडी तरी दबायला हवी. ती अजिबात दबत नसेल, म्हणजे स्प्रिंग इतकी आवळावी लागली की मोकळ्या गाडीचं मागचं टोक ताठ उभं आहे, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग मऊ आहे. अशा वेळी जास्त कडक स्प्रिंग घेणं योग्य. उलट मोकळी गाडी खूप दबते आणि तुम्ही बसल्यावर मात्र फारसा फरक पडत नाही, असं असेल तर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. अर्ध्या तासाच्या या मोजमापानं पंधरा-वीस हजारांचा शॉकअप घ्यायचा की दोन घरं आवळायचं याचा निकाल लागतो. माझ्या बाबतीत दोन घरं पुरली असती. मी न मोजताच शॉकअप घेतला होता.

उंचीचंही तसंच. एक्सपल्स २०० ४व्हीच्या प्रो मॉडेलमध्ये पुढे २५० आणि मागे २२० मिलिमीटर हालचाल आहे, खालची मोकळी जागा २७० मिलिमीटर. हे आकडे वाचून मोह होतो. पण त्याच गाडीची सीट ८९१ मिलिमीटरवर जाते, साध्या मॉडेलची ८२५ वर आहे. हा अडीच इंचांचा फरक बामणोलीच्या उतारावर ओल्या दगडात पाय टेकवायची वेळ आली की कळतो. माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाला जिथं दोन्ही चवडे टेकायचे तिथं एकच टेकतो. उंची वाढवायचीच असेल तर पुढे-मागे सारखी वाढवा, स्टँड लांब करा, हेडलाइट पुन्हा लावून घ्या आणि चेनचा ताण नव्यानं बघा. हे सगळं त्या शॉकअपच्याच बिलात धरायचं.

स्प्रॉकेटचा हिशोब

यादीत भाच्यानं "१२ दातांचं पुढचं स्प्रॉकेट, पिकअपसाठी" लिहिलं होतं. स्प्रॉकेट म्हणजे चेन ज्यावरून फिरते ते दातेरी चाक. हा बदल स्वस्त आहे आणि परिणाम लगेच दिसतो, म्हणून तो आवडता आहे. हिशोब सोपा आहे.

समजा पुढे १३ दात आणि मागे ४०. मागचे भागिले पुढचे, ३.०८. म्हणजे पुढचं स्प्रॉकेट तीन वेळा आणि वर थोडं फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. पुढे १२ केले तर ४० भागिले १२, ३.३३. फरक सव्वाआठ टक्के. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला तेवढी जास्त ओढ मिळते. चढाच्या कच्च्या वळणात पहिल्या गिअरवर क्लच न दाबता गाडी सावकाश चढते, हा खरा फायदा. त्याच्या बदल्यात त्याच वेगाला इंजिन सव्वाआठ टक्के जास्त फिरतं. हायवेला जिथं ६,५०० आरपीएम असायचे तिथं आता ७,०४० होतील. साताऱ्याहून कराडपर्यंत रोज जाणाऱ्याला ती थरथर हाताला आणि पेट्रोलला दोन्हींना लागते.

एक ध्यानात ठेवायचं, पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळजवळ तीन दात. बारीक फरक हवा असेल तर मागचं बदलावं, मागे एक दात वाढवला की अडीच टक्के. पुढचं फार लहान केलं की चेन जास्त अरुंद वळणातून फिरते, कड्या लवकर झिजतात आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला घासायला लागते. काही गाड्यांत स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून मापतो. तिथं स्प्रॉकेट बदललं की काटा जास्त वेग दाखवतो आणि किलोमीटरही जास्त मोजतो.

चेन घेताना आकडा बघा. ४२८ मधला पहिला ४ म्हणजे दोन कड्यांतलं अंतर चार-अष्टमांश, अर्धा इंच. ५२० मधला ५ म्हणजे पाच-अष्टमांश इंच. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं एकाच आकड्याची लागतात आणि बदलायची तर तिन्ही एकदम. झिजलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट टाकलं तर नव्याचे दात महिन्यात वाघनखासारखे होतात.

लांब हालचालीच्या गाडीत चेन नेहमीच्या कम्युटर गाडीपेक्षा सैल ठेवावी लागते, हे पुष्कळ चांगल्या मेकॅनिकनाही पटत नाही. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा आस एका सरळ रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणली जाते. स्टँडवर छान घट्ट दिसणारी चेन त्या क्षणी कडक होते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगला ओढते. दोन-तीन जणांना गाडीवर बसवून मागचा भाग दाबा, ती रेषा जुळवा आणि तेव्हाही चेनला बोटानं थोडं हलवता येतंय का बघा.

हात, पाय आणि पडणं

हँडगार्ड घ्या, आतून अॅल्युमिनियमची पट्टी असलेला. नुसता प्लॅस्टिकचा वारा अडवतो, लिव्हर वाचवत नाही. ठोसेघरला तो असता तर साडेतीनशे रुपयांचा लिव्हर वाचला असता. रुंद फूटरेस्टही घ्या. कच्च्यावर उभं राहून चालवताना सगळं वजन तळव्यावर असतं आणि अरुंद रबरी फूटरेस्ट अर्ध्या तासात बुटातून टोचतो.

उभं राहून चालवताना वाकावं लागतं म्हणून हँडल वर उचलणारे रायझर बसवतात. बसवा, पण लगेच एक तपासणी करा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर एक्सलेटरची केबल ओढली जातेय. असं असताना वळणात हँडल फिरवलं की गाडी आपोआप पळेल, घाटात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. ब्रेकचा पाइपही त्याच वेळी बघा, कुठं ताणून पांढरा पडलेला नसावा.

इंजिनाखालची प्लेट कंपनीची असेल तर आधी तीच वापरून बघा. नवी घेतलीत तर तेल सोडायच्या नटापाशी भोक आहे ना ते बघून घ्या.

सायलेन्सर, फिल्टर आणि कायदा

भाच्याच्या यादीत सर्वांत वर सायलेन्सर होता. मी तो सर्वांत खाली नेला.

२०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्या बीएस-६ आल्या. त्यांच्या धुराच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो सांगतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे गाडीचा छोटा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो. त्याच नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू निवळतो. पूर्ण नळी काढून मोकळी नळी टाकली की सेन्सर गोंधळतो, कन्व्हर्टर जातो, पीयूसी अडते आणि ताकद म्हणावी तर कानाला वाटते तेवढी वाढत नाही. २०० सीसीच्या इंजिनात मुळात वीसच्या आसपास हॉर्सपॉवर. मोठा आवाज आला की माणसाला वेग वाढल्यासारखं वाटतं. नुसता मागचा डबा बदलला तर वजन थोडं घटतं, ईसीयू बहुतेक निभावून नेतो, पण आवाजाचा प्रश्न उरतोच. पाणंदीत समोरून बैलजोडी येते तेव्हा ती फटफट कुणाच्या जिवावर बेतू शकते हे मी बघितलं आहे.

एअर फिल्टरकडे मात्र जतच्या माणसानं दुर्लक्ष करू नये. जास्त हवा घेणारा फिल्टर म्हणजे पुष्कळदा जास्त धूळ सोडणारा फिल्टर. ती धूळ तेलात मिसळली की पिस्टनच्या रिंगांवर पॉलिश पेपरसारखी घासते. फिल्टर काढून त्याच्या मागच्या, म्हणजे इंजिनाकडच्या, नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला बारीक कचकच लागली तर फिल्टरच्या कडेनं धूळ आत जातेय. नवा घेण्याआधी ती कड नीट बसवा, हवं तर थोडं ग्रीस लावून.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसी बुकात नोंदलेल्या, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ बदललं आणि नियमाबाहेरच्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. एमएच-१० असो, एमएच-११ असो की कराडची एमएच-५०, सगळ्यांना हे लागू. कायद्याचा रोख गाडीचं मूळ स्वरूप बदलण्यावर आहे. त्याच मापाचा टायर किंवा नटबोल्टनं निघणारा हँडगार्ड ही वेगळी गोष्ट. चासी कापणं, इंजिन बदलणं, रंग बदलून आरसीत न नोंदवणं हे सरळ अडचणीचं. विमा कंपनीला मोठ्या बदलांची लेखी माहिती द्या, नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो.

लाइट आणि लेथवरचं काम

कासच्या धुक्यात लोक सगळ्यात झगझगीत पांढरा लाइट लावतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याच्या थेंबांवरून तो प्रकाश आपल्याच डोळ्यांत परत येतो. धुक्यासाठी लाइट खाली, रुंद पसरणारा आणि झोत जमिनीकडे वाकलेला लागतो. समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांवर तो जाऊ नये, घाटात त्याला दिसणं हे आपल्याच हिताचं आहे.

वायरिंगचा हिशोबही बघा. २० वॉटचे दोन म्हणजे ४० वॉट, १२ व्होल्टला सव्वातीन अँपिअर. एवढा करंट हेडलाइटच्या स्विचमधून नेला तर स्विच हळूहळू जळतो. बॅटरीपासून फ्यूज, मग रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग लाइट अशी वेगळी वायर ओढायची आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावायचा. चालू गाडीला शेवटी जनरेटर किती वॉट देतो ती मर्यादा आहे. मोबाइल चार्जर, लाइट आणि मोठा हॉर्न एकदम चालवून बॅटरी रोज थोडी थोडी उतरते आणि मग एका थंड सकाळी बटण नुसतं टकटक करतं.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे. सातारा किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत चांगले लेथवाले आणि वेल्डर मिळतात. मागचा कॅरिअर, बॅगा टेकायच्या पट्ट्या, लांब स्टँड हे ऑनलाइन मागवण्यापेक्षा मोजून बनवून घेतलेलं बरं पडतं. लोखंडी पाइपचा कॅरिअर अॅल्युमिनियमपेक्षा जड असतो, पण मोडला तर कुठल्याही गावात वेल्डिंग होतं. दोन अटी पाळा. कॅरिअर गाडीवर आधीपासून असलेल्या भोकांना बोल्टनं बसला पाहिजे, चासीला वेल्डिंग नको. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारची पाइप कमजोर होते आणि पुढच्या खड्ड्यात ती तिथंच चिरते. आणि गाडीवर लावूनच काही वेल्ड करावं लागलं तर आधी बॅटरीची वायर आणि ईसीयूचा कनेक्टर काढा. वेल्डिंगचा करंट त्यातून गेला तर ईसीयू संपतो.

सामान शक्य तेवढं पुढे आणि खाली बांधा. मागच्या आसाच्या पाठीमागे ठेवलेली डबा-पेटी खड्ड्यात तरफेसारखी उचलते आणि पुढचं चाक हलकं करते. सामानासह सॅग पुन्हा मोजायचा हे ओघानं आलंच.

आणखी एक, ही पार्टची गोष्ट नाही पण टायरची आहे. गोट्यांचा टायर घातला म्हणून सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गाडी घालू नका. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथली माती जांभ्यावर बोटभर जाडीची असते आणि एका चाकोरीत ती फुलांच्या बियांसकट निघून जाते. कच्च्या रस्त्यांची आपल्याकडे कमी नाही.

भाच्यानं काल संध्याकाळी अंगणात बहिणीला टेप धरायला लावून सॅग मोजला. बसल्यावर ६४ मिलिमीटर आला. दोन घरं आवळल्यावर ५३, आणि मोकळी गाडी अजून थोडी दबते. म्हणजे स्प्रिंग ठीक आहे. यादीतला शॉकअप त्यानं स्वतःच खोडला. आता जाड ट्यूब आणि हँडगार्ड येतायत, आणि दिवाळीला मी जतला गेलो की आम्ही चेनची रेषा बघणार आहोत.